देवाकडे न गेलेलं दुःख

‘ब्लू मून’ हे गाणं मुळात प्रार्थना होतं. १९३३ साली रिचर्ड रॉजर्स आणि लोरेन्झ हार्ट ही जोडी हॉलिवूडमध्ये एम.जी.एम. कंपनीकडे काम करत होती. रॉजर्सने चाल बांधली, हार्टने शब्द लिहिले आणि गाण्याला नाव दिलं ‘प्रेयर’. एक मुलगी देवाला साकडं घालते आहे, मला सिनेमातली नटी कर म्हणून. जीन हार्लो ते गाणार होती, पण गाणं चित्रपटात आलंच नाही. मग हार्टने त्याच चालीवर दुसरे शब्द लिहिले, ‘मॅनहॅटन मेलोड्रामा’ या चित्रपटासाठी. तेही वगळले गेले. तिसऱ्या खेपेला आले ते एका वैतागलेल्या बाईचे शब्द: ज्या पुरुषाला जवळ करावं त्याच्यात काहीतरी वाईट निघतंच. शर्ली रॉसने ते पडद्यावर गायलं आणि १९३४ मध्ये चित्रपट लागला. (जॉन डिलिंजर हा बँका लुटणारा दरोडेखोर शिकागोच्या बायोग्राफ थिएटरात हाच चित्रपट पाहून बाहेर पडला आणि सरकारी गोळ्यांनी मेला. मरण्याआधी त्याच्या कानावर पडलेल्या शेवटच्या चालींत ही चाल असणार.) मग जॅक रॉबिन्स नावाच्या प्रकाशकाने सांगितलं, चाल उत्तम आहे, शब्द लोकांच्या मनाला भिडतील असे द्या. हार्टने चौथ्यांदा लेखणी उचलली. देव गेला, पुरुषांवरचा राग गेला, आणि एक एकटा जीव रात्री चंद्राशी बोलू लागला. जगभर गेलं ते हे गाणं.

तीन वेळा शब्द बदलले त्यामागे धंद्याची गरज होती, हे उघड आहे. तरीही मला या हकिकतीत त्या काळच्या शहरी माणसाचं मन दिसतं. साकडं घालायची सवय सुटलेली नाही, पण ते कोणाला घालायचं हे आता ठरलेलं नाही. चंद्र ऐकत नाही हे गाणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं, आणि तरी तो बोलतो. १९२० ते १९५० च्या सुमारास न्यूयॉर्कच्या रंगभूमीसाठी आणि हॉलिवूडसाठी लिहिल्या गेलेल्या प्रेमगीतांचा मी आयुष्यभर नाद केला तो या एका प्रश्नापायी: ज्या दुःखाला वर पाठवायला पत्ता नाही, त्याचं माणसाने काय करायचं?

आमच्या घरात याचं उत्तर तयार होतं. अण्णा, म्हणजे माझे वडील, कीर्तनकार. भर्तृहरीचं आख्यान त्यांनी लावलं की देवळात बसायला जागा मिळत नसे. राजाने अमरफळ राणीला दिलं, राणीने ते आपल्या प्रियकराला दिलं, त्याने गणिकेला, आणि गणिकेने, हे फळ राजालाच शोभेल म्हणून, परत भर्तृहरीच्या हातात आणून ठेवलं. फळ ओळखताच राजाचं मन संसारातून उठलं. इथे अण्णा चिपळ्या थांबवत, क्षणभर कोणाकडे बघत नसत, आणि मग म्हणत, “आशाभंग म्हणजे देवाचं बोलावणं, बाबांनो.” बायका पदराने डोळे टिपत. मला लहानपणापासून एकच शंका यायची. राजाचं राणीवर एवढं प्रेम होतं, ते एका घटकेत कुठे गेलं? वैराग्य आलं म्हणजे दुःख संपलं, की त्याने फक्त वाट बदलली?

ज्ञानेश्वरांच्या विराण्यांतली विरहिणी तळमळते, आणि ती तळमळ अंगावर येते. पण ती जीव आहे आणि तिचा प्रियकर परमात्मा आहे. तिच्या दुःखाला जायला ठिकाण आहे. तुकोबा विठ्ठलाशी कडाकडा भांडतात तेव्हाही समोर कोणीतरी कमरेवर हात ठेवून ऐकत उभा असतो. ही केवढी मोठी सोय आहे हे मला खरं कळलं ते हार्ट वाचल्यावर.

वाचल्यावर म्हणते, कारण चाली आधी आल्या आणि शब्द कितीतरी वर्षांनी. आम्ही गिरगावात राहत होतो, खोताच्या वाडीपासून जवळच. वरच्या मजल्यावर एक गोंयकार सॅक्सोफोनवादक राहत; सगळी चाळ त्यांना अंकल म्हणायची. रात्री हॉटेलच्या बँडमध्ये आणि दिवसा सिनेमाच्या स्टुडिओत ते वाजवत. मुंबईतल्या अनेक गोवेकर वादकांचा दिनक्रम तेव्हा असाच होता. चिक चॉकलेट हे नामवंत ट्रंपेटवादक ताजमध्ये वाजवत आणि सी. रामचंद्रांच्या ‘अलबेला’च्या (१९५१) गाण्यांतही. दुपारी खाली अण्णांची पेटी चाले आणि वर अंकलचा सॅक्सोफोन. पुढे मी तत्त्वज्ञानाची प्राध्यापक झाले तेव्हा अंकलनी आपल्या ट्रंकेतली छापील नोटेशनची पुस्तकं माझ्या हवाली केली. “बाय, तू आता शब्द वाच,” म्हणाले. “आम्ही नुसतेच वाजवले.”

ही गाणी बहुधा ३२ बारांची असतात. एका बारात चार मात्रा धरल्या तर १२८ मात्रा झाल्या, म्हणजे तीनतालाची बरोबर आठ आवर्तनं. एवढ्यात माणसाला आपलं सगळं सांगायचं असतं. पहिले आठ बार एक चाल, पुढचे आठ तीच चाल वेगळ्या शब्दांत, मग आठ बारांचा मधला भाग, जिथे चाल आडवाट धरते, आणि शेवटी पुन्हा पहिली चाल. पहिल्या दोन भागांत माणूस तोल सांभाळून बोलत असतो. मधल्या भागात तोल जातो, नको ते तोंडातून निघतं. मग तो सावरून मूळ चालीवर येतो, पण आता ऐकणाऱ्याला सगळं कळलेलं असतं.

थिओडोर अडोर्नो या जर्मन तत्त्ववेत्त्याला या साच्याचाच राग होता. नाझींमुळे देश सोडून तो अमेरिकेत आला आणि १९४१ मध्ये त्याने लोकप्रिय संगीतावर एक कडक निबंध लिहिला. सगळं आधीच ठरलेलं, ऐकणाऱ्याच्या वाटचा विचारही गाण्यानेच करून ठेवलेला, असं त्याचं म्हणणं. तो निबंध मी वर्गात शिकवला आहे, आणि बाजारात खपलेल्या असंख्य गाण्यांना तो तंतोतंत लागू पडतो. पण साचा ठरलेला आहे म्हणून आतलं बोलणं खोटं, हे मी मान्य करणार नाही. ओवीचे साडेतीन चरण ठरलेलेच आहेत. जात्यावरच्या बायांनी त्यातच माहेर सांगितलं, सासरचा जाच सांगितला, मेलेलं मूल सांगितलं. मोकळ्या गद्यात यातलं एक अक्षर त्यांच्या तोंडून निघालं नसतं. हार्टला तर चालही आधी बांधून मिळायची. रॉजर्सचे स्वर पुढ्यात आले की तो त्यात शब्द भरायचा.

हार्ट १८९५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये जन्मला. आईवडील जर्मनीहून आलेले ज्यू. उंची पाच फुटांच्याही आत. लग्न झालं नाही. त्याला ओढ पुरुषांची होती आणि ते उघड बोलण्याची त्या काळात सोय नव्हती. आईच्याच घरी राहिला, दारूने शरीर पोखरून घेतलं. १९४३ च्या एप्रिलमध्ये आई गेली आणि २२ नोव्हेंबरला न्यूमोनियाने तो गेला, वयाच्या ४८ व्या वर्षी. स्वतःच्या प्रेमाची गोष्ट स्वतःच्या तोंडाने सांगणं त्याला शक्यच नव्हतं. त्याने ती रंगमंचावरच्या बायकांकडून सांगून घेतली.

१९४० च्या ‘हायर अँड हायर’ या नाटकातलं ‘इट नेव्हर एन्टर्ड माय माइंड’ मी त्याच्या सगळ्या गाण्यांत वर ठेवते. रंगमंचावर तेही शर्ली रॉसनेच पहिल्यांदा गायलं. गाण्यातल्या बाईला तिच्या माणसाने बजावलं होतं, की एक दिवस तू एकटी पडशील. तेव्हा ती हसली होती. आता त्याचा शब्द न् शब्द खरा झाला आहे. अशा बाईच्या तोंडी कोणीही गीतकार नशीब घालेल, अश्रू घालेल, फाटलेलं काळीज घालेल. हार्ट तिला सकाळी एका माणसापुरता संत्र्याचा रस मागवायला लावतो. एकटीने खेळायचा पत्त्यांचा डाव देतो. आणि मधल्या भागात, जिथे चाल वळते, तिथे ती म्हणते की आता पाठ खाजवायलाही आपलाच हात. त्या जागेचं यमक सगळ्या गाण्यात खेळकर आहे, दोन-तीन शब्द एकदम जुळवून केलेलं, ऐकताना हसू फुटावं असं. हसू फुटतं, आणि त्याच श्वासात लक्षात येतं की या बाईच्या अंगाला आता कोणाचा हात लागत नाही.

माझे यजमान गेले तेव्हा तेरा दिवस घर भरलेलं होतं. आलेला प्रत्येक जण काहीतरी सांगून जाई. आत्मा अमर आहे. जुनं वस्त्र टाकावं तसं आहे हे. देवाला आवडले. सगळी मायेची माणसं होती, आणि गीता तर मी स्वतः शिकवलेली. तिचा एकेक श्लोक मला अर्थासह पाठ होता. सगळे आपापल्या घरी गेल्यावर सकाळी चहाचं आधण ठेवताना हाताने सवयीने दोन कप पाणी मोजलं. त्यातलं एक कप परत ओतायचं की राहू द्यायचं, हे मला ठरवता येईना. बराच वेळ मी गॅस न पेटवता तशीच ओट्याशी उभी राहिले. त्या वेळी मनात आलं ते संत्र्याच्या रसाचं गाणं. यजमानांच्या आत्म्याचं काय झालं ते सांगणारे पुष्कळ भेटले होते. त्या एक कप पाण्याबद्दल बोललेला माणूस मला एकच ठाऊक होता, आणि तो न्यूयॉर्कमध्ये १९४३ मध्ये वारला होता.

बायबलच्या जुन्या करारात ईयोबाची कथा आहे. मुलंबाळं, गुरंढोरं, सगळं गमावून राखेत बसलेल्या ईयोबाला भेटायला त्याचे मित्र येतात. सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहतात, एक शब्द न बोलता. मग त्यांच्याने राहवत नाही. ते कारणं सांगू लागतात: तुझं काहीतरी चुकलं असेल, देव न्यायी आहे, यात तुझं भलंच असेल. पुस्तकाच्या शेवटी देव रागावतो तो या कारणं सांगणाऱ्या मित्रांवर. मी ज्यांच्याबद्दल लिहिते आहे ते गीतकार आणि संगीतकार बहुतेक ज्यू घरांतले होते. अर्विंग बर्लिनचे वडील आणि हॅरल्ड आर्लेनचे वडील, दोघेही सिनेगॉगमध्ये प्रार्थना गाणारे कॅन्टर. मुलं नाटक-सिनेमाकडे वळली. पण दुःखाला घाईने अर्थ चिकटवू नये, आधी त्याच्याजवळ बसावं, हे मला त्यांच्या गाण्यांत पुन्हा पुन्हा दिसतं. ही धर्मातूनच आलेली गोष्ट आहे असं मी मानते, जरी गाण्यात देवाचं नाव नसलं तरी.

यांतलं एक गाणं व्यवसायाने गीतकार नसलेल्या बाईचं आहे. होगी कारमायकेलला विद्यार्थिदशेत कोणीतरी नियतकालिकातली एक कविता कापून दिली होती. खाली कवीची फक्त आद्याक्षरं. बऱ्याच वर्षांनी त्याने तिला चाल लावली. गाणं छापायचं तर कवीची परवानगी हवी, म्हणून रेडिओवरून शोध सुरू झाला, आणि फिलाडेल्फियात राहणाऱ्या जेन ब्राउन थॉम्प्सन या वृद्ध बाई सापडल्या. जानेवारी १९३९ मध्ये डिक पॉवेल रेडिओवर ते गाणं पहिल्यांदा गाणार होता. त्याच्या आदल्या रात्री त्या वारल्या. आपल्या शब्दांना लागलेली चाल त्यांनी ऐकली नाही. त्या गाण्यात बोलणारी बाई सुरुवातीपासून ठामपणे सांगते की तुझ्याशिवाय माझं उत्तम चाललं आहे. मग एक अपवाद सांगते. मग आणखी एक. पाऊस पडतो तेव्हा, कोणी तुझं नाव घेतं तेव्हा. प्रत्येक अपवादानंतर ती मूळ विधान पुन्हा तितक्याच ठामपणे मांडते, आणि प्रत्येक वेळी ते जास्त पोकळ वाजतं. तर्कशास्त्र शिकवताना मला या गाण्याचा फार उपयोग झाला. विधान आणि त्याचे अपवाद यांची बेरीज विधानाच्या बरोबर उलट निघते, आणि तरी बोलणारी खोटं बोलते आहे असं म्हणवत नाही.

कोल पोर्टर या गीतकाराबद्दल मी थोडंच लिहिणार आहे. त्याची हुशारी मला दिपवते, पण तो दुःखापासून नेहमी एक पाऊल दूर उभा असतो असं मला वाटतं. अपवाद १९४४ च्या ‘एव्ह्री टाइम वी से गुडबाय’चा. निरोपाच्या क्षणी मेजरमधून मायनरमध्ये जावं तसं होतं, असं शब्द सांगतात, आणि नेमक्या त्याच ठिकाणी सुरावटीखालचा स्वरमेळही मेजरमधून मायनरमध्ये जातो. आपल्या भाषेत सांगायचं तर त्या स्वरमेळातला शुद्ध गंधार कोमल होतो. एवढा एक स्वर अर्ध्या पायरीने उतरतो आणि खोलीतला उजेड कमी झाल्यासारखं होतं. १९३७ मध्ये घोड्यावरून पडून पोर्टरच्या दोन्ही पायांचा चुराडा झाला होता. हे गाणं त्यानंतरचं, शरीराच्या कायमच्या वेदनेतलं.

माझ्या वर्गात दरवर्षी कोणीतरी एक प्रश्न विचारायचं, आणि मला तो आवडायचा. बौद्ध दर्शनातला अनित्यतावाद शिकवून झाला की हात वर यायचा: मॅडम, सगळं क्षणिक आहे हे एकदा कळलं, तर ‘मी तुझ्यावर कायम प्रेम करीन’ असं म्हणणं लबाडी नाही का? अशा वेळी मी अर्विंग बर्लिनची गोष्ट सांगत असे. रशियातून लहानपणी आलेला, न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडच्या गरिबीत वाढलेला मुलगा. त्याला नोटेशन वाचता येत नसे. पियानोवर तो मुख्यतः काळ्या पट्ट्यांवरच वाजवायचा. १९१२ मध्ये त्याने डोरोथी गेट्झशी लग्न केलं. मधुचंद्राला दोघं हवानाला गेली, तिथे तिला टायफॉइडची बाधा झाली आणि लग्नाला सहा महिने होण्याच्या आत ती गेली. त्याने तिच्यासाठी एक शोकगीत लिहिलं. पुढे तो एलिन मॅके या तरुणीच्या प्रेमात पडला. तिचे वडील तारसेवेच्या धंद्यातले कोट्यधीश, कॅथलिक. ज्यू जावई त्यांना मुळीच नको होता. ४ जानेवारी १९२६ रोजी दोघांनी नोंदणी पद्धतीने लग्न केलं, आणि बर्लिनने ‘ऑलवेज’ या गाण्याचे हक्क तिला लग्नाची भेट म्हणून देऊन टाकले.

ते गाणं अगदी साधं आहे. शब्द शाळकरी मुलाला समजतील असे. मी मुलांना एवढंच विचारायची, की हे लिहिणाऱ्याला अनित्यता माहीत नव्हती असं तुम्हाला वाटतं का? टायफॉइडने त्याला ती शिकवलेली होती. १९२८ च्या नाताळात त्यांचं तान्हं मूल गेलं, तेव्हा ती पुन्हा शिकवली गेली. ‘कायम’ हा शब्द भविष्याचा अंदाज असेल तर तो खोटा ठरतो, हवामानाचा अंदाज ठरतो तसा. बर्लिन अंदाज सांगत नव्हता, तो शब्द देत होता. हॅना आरेन्ट ही तत्त्वचिंतक न्यूयॉर्कमध्येच राहून लिहीत होती; १९५८ च्या ‘द ह्युमन कंडिशन’मध्ये तिने मांडलं आहे की उद्याचा भरवसा नसतो म्हणूनच माणूस वचन देतो, आणि वचन देता येणं ही माणसाची फार मोठी शक्ती आहे. सगळं शाश्वत असतं तर वचनाची गरजच काय होती? एलिन १९८८ मध्ये गेली, लग्नाला ६२ वर्षं झाल्यावर. बर्लिन पुढच्या वर्षी गेला, १०१ वर्षांचा होऊन.

यिप हारबर्गची वाट वेगळी. तो या सगळ्यांत उघडउघड निरीश्वरवादी. थोरला भाऊ ऐन तारुण्यात वारला आणि यिपचा देवावरचा विश्वास उडाला. विजेच्या उपकरणांचा धंदा १९२९ च्या पडझडीत बुडाला, तेव्हा तो गाणी लिहू लागला. ‘इट्स ओन्ली अ पेपर मून’ त्याने बिली रोझच्या साथीने लिहिलं, चाल आर्लेनची, मुळात ‘द ग्रेट मगू’ या १९३२ च्या नाटकासाठी. नाटक लगेच आपटलं, गाणं राहिलं. त्या काळी जत्रांमधल्या फोटोवाल्यांकडे पुठ्ठ्याची मोठी चंद्रकोर असे, तिच्यावर बसून जोडपी फोटो काढून घेत. हारबर्ग म्हणतो, चंद्र कागदाचा, समुद्र पुठ्ठ्याचा, सगळा देखावा खोटा. पण तू माझ्यावर विश्वास ठेवलास तर खोटा राहणार नाही. अद्वैत शिकवणाऱ्या माझ्यासारखीला यात फार मोठी गोष्ट दिसते. शंकराचार्यांच्या मांडणीत ज्ञान झालं की मिथ्या गळून पडतं. हारबर्गचं ज्ञान आधीच झालेलं आहे. चंद्र कागदाचा आहे हे तो पहिल्यापासून जाणतो. त्यानंतर दोन माणसांनी एकमेकांवर विश्वास टाकला तर त्या विश्वासाला कोणत्या सत्तेत, म्हणजे सत्याच्या कोणत्या पातळीवर, बसवायचं? पारमार्थिक, म्हणजे अखेरचं सत्य, म्हणता येत नाही. पण प्रातिभासिक म्हणून, दोरीवर भासलेला साप म्हणून, तो झटकून टाकायला माझं मन घेत नाही. अण्णांशी हा वाद घालायची मला फार इच्छा होती. ते असते तर रागावले असते, आणि मग रात्री पेटीवर ती चाल शोधून पाहिली असती.

आयरा गर्श्विन बुजरा माणूस. धाकटा भाऊ जॉर्ज बैठक गाजवायचा, आयरा कोपऱ्यात बसून त्याच्या चालींना शब्द द्यायचा. ११ जुलै १९३७ रोजी मेंदूतल्या गाठीवरच्या शस्त्रक्रियेनंतर जॉर्ज गेला, अवघा ३८ वर्षांचा. ‘द गोल्डविन फॉलीज’ या चित्रपटासाठी त्याने केलेली एक चाल मागे राहिली होती, आणि आयराने तिच्यावर शब्द लिहिले ते भाऊ गेल्यानंतर. त्या शब्दांत मरणाचा उल्लेख कुठेही नाही. ते साधं प्रेमगीत आहे, ‘लव्ह इज हिअर टु स्टे’. रेडिओ, टेलिफोन, सिनेमा ही चार दिवसांची नवलाई असेल, उद्या डोंगरही ढासळतील, आपलं प्रेम मात्र राहणार, असं कोणीतरी कोणाला सांगतं आहे. १९५१ च्या ‘अॅन अमेरिकन इन पॅरिस’मध्ये जीन केली ते सेन नदीच्या काठी गातो, तिथे ते निव्वळ दोन तरुण जिवांचं गाणं आहे. मला त्यात दोन भाऊ ऐकू येतात, आणि त्यातला एक गेलेला आहे.

याच आयराने १९५४ च्या ‘अ स्टार इज बॉर्न’साठी ‘द मॅन दॅट गॉट अवे’ लिहिलं. चाल हॅरल्ड आर्लेनची, गायली जुडी गार्लंड. बाईचा माणूस निघून गेला आहे, रात्र कडू झाली आहे, परतीची आशा नाही, देवाकडे धाव नाही, उपदेश नाही, काही नाही. प्रेम राहतं म्हणणारा आणि माणूस गेला म्हणणारा एकच गीतकार; मग त्याचं खरं मत कोणतं, असं एका विद्यार्थिनीने मला विचारलं होतं. मी दोन्ही गाणी पुन्हा पुन्हा ऐकली आहेत आणि मला त्यांत विरोध सापडत नाही. १९३७ मध्ये जॉर्ज गेला, आयराचं जॉर्जवरचं प्रेम आयरापाशी राहिलं. १९५४ च्या गाण्यात पुरुष गेला आहे आणि बाईचं प्रेम तिच्यापाशी तसंच आहे, म्हणून तर ती गाते आहे. तेही त्याच्याबरोबर गेलं असतं तर तिला गायला कारणच उरलं नसतं. राहतं ते मागे राहिलेल्याचं प्रेम, हे आयराने एकदा भावाच्या चालीवर लिहिलं आणि कितीतरी वर्षांनी आर्लेनच्या चालीवर पुन्हा लिहिलं.